भोजनपात्रे, टाकाऊ व टिकाऊ

अन्न वाढून घेण्यासाठी व ते खाण्यासाठी वापरावयाच्या साधनांना भोजनपात्रे म्हणतात. ताट, वाटी, फुलपात्र, कपबशी, चमचा इ. धुऊन पुन्हा वापरता येणारी पात्रे टिकाऊ होत. तर पत्रावळ, द्रोण, केळीचे पान, मातीचा कुल्हड तसेच कागद, प्लॅस्टिक वा थर्मोकोल यांच्या ताटल्या, पेले व चमचे ही एका वापरानंतर टाकून द्यावयाची म्हणजे टाकाऊ पात्रे होत. रोजच्या जेवणासाठी टिकाऊ आणि समारंभासाठी टाकाऊ अशी सर्वसाधारण वहिवाट आहे. या निवडीकडे केवळ सोयीच्या दृष्टीने पाहिले जाते. परंतु पात्र टाकल्याने काम संपत नाही, ते दुसऱ्या कोणाकडे तरी जाते. धुण्याचे श्रम वाचले, तर उचलण्याचे व विल्हेवाटीचे श्रम उत्पन्न होतात. म्हणून पात्र किती वेळा वापरले जाणार, ते धुण्यास पाणी व इंधन किती लागणार आणि टाकल्यास ते शेवटी कोठे पडणार, यांवर निवडीची योग्यायोग्यता अवलंबून असते.

टाकाऊ पात्र ही आधुनिक काळाची निर्मिती नव्हे. क्रीट बेटावरील मिनोअन संस्कृतीच्या अवशेषांत बिनकानाचे, ओबडधोबड मातीचे पेले फार मोठ्या संख्येने मिळाले असून ते मेजवानीत एकदाच वापरून टाकले जात असावेत, असे मानले जाते. मध्ययुगीन यूरोपात शिळ्या पावाच्या जाड कापावर अन्न वाढीत. रसाने भिजलेला हा काप जेवणानंतर गरिबांना किंवा कुत्र्यांना देत. भारतात हे कार्य झाडांच्या पानांनी केले व अद्यापही काही प्रमाणात ती करीत आहेत.

पत्रावळ व द्रोण : पत्रावळीसाठी महाराष्ट्रात मुख्यत्वे पळस (ब्यूटिया मोनोस्पर्मा) व वड (फायकस बेंगालेन्सिस) यांची पाने वापरतात. मोहाची, फणसाची व कोकणात केळीची पानेही उपयोगात आहेत. ओडिशा, झारखंड, छत्तीसगढ व मध्य प्रदेश या राज्यांत सालाची (शोरिया रोबस्टा) पाने अधिक प्रचलित असून त्यांच्या संकलनावर अनेक आदिवासी कुटुंबांची, विशेषतः स्त्रियांची, उपजीविका अंशतः अवलंबून आहे.

पळसाचे पान त्रिदली असते. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण त्यावरूनच पडली. पाने जून व चिवट झाली म्हणजे ती खुडून, एकावर एक रचून वाळवितात व त्यांचे गठ्ठे बांधून ठेवतात. वाळलेले पान ठिसूळ असल्याने पत्रावळ लावण्यापूर्वी त्यावर पाणी शिंपडून ते लवचिक करून घ्यावे लागते. मध्यभागी एक मोठे पान घेऊन त्याभोवती इतर पाने कडेवर कड येईल अशी गोलाकार मांडतात आणि बांबूच्या बारीक चोयांनी किंवा तशाच काड्यांनी ती टाचतात. पानाचा गुळगुळीत पृष्ठभाग वरच्या बाजूस ठेवतात. टाके फार लांब पडल्यास पातळ पदार्थ गळतो व फार जवळ पडल्यास पान फाटते. त्यामुळे हे काम दिसते तितके सोपे नाही. पानाच्या कडा वर वळवून टाचले, की द्रोण होतो. आमटी, खीर किंवा ताक यांसाठी द्रोण लागतो. पत्रावळीवरील वरण मात्र जेवणारा भाताचे आळे करून त्यातच घेतो. पंगतीतील वाढप्याने भात आधी व वरण मागाहून वाढण्याच्या रीतीला पात्राच्या सपाट आकाराचेही कारण असावे.

केळीच्या पानावर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो. त्यामुळे त्यावर पाणी ठरत नाही, अन्न चिकटत नाही आणि नुसते पुसून घेतले तरी ते वापरण्याजोगे होते. मात्र ते ताजेच वापरावे लागते. वाळलेली पत्रावळ कित्येक महिने साठविता येते, हा तिचा मोठा गुण होय.

वापरलेली पत्रावळ पूर्वी गुरे खात किंवा ती उकिरड्यावर पडून तिचे खत होई. तिचे टाकाऊपण हे असे मातीशी जोडलेले होते. शहरात तीच पत्रावळ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून कचरागाडीत टाकली, तर ती क्षेपणभूमीच्या ढिगाऱ्यात हवेविना कुजते आणि तीतून मिथेन वायू निर्माण होतो. अलीकडे यंत्राच्या तप्त साच्यात दाबून बनविलेल्या पत्रावळी मिळतात. त्या आकाराने नीटस व न गळणाऱ्या असतात. परंतु त्यांपैकी काहींत पानांच्या खाली पुठ्ठा व प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा घातलेला असतो. अशी पत्रावळ दिसण्यात पानाची असली, तरी विघटनाच्या दृष्टीने ती प्लॅस्टिकच्याच वर्गात मोडते.

कुल्हडाविषयीही असाच एक गैरसमज आढळतो. तो मातीचा असल्याने पुन्हा मातीत मिसळतो, असे समजले जाते. वस्तुतः भाजलेली माती पाण्यात विरघळत नाही. पुरातत्त्वज्ञांना हजारो वर्षांपूर्वीची खापरे मिळतात ती त्यामुळेच. कुल्हड निरुपद्रवी असला, तरी तो भाजण्यास इंधन लागते व चांगली चिकणमाती खर्ची पडते. २००४ मध्ये भारतीय रेल्वेने स्थानकांवर चहासाठी कुल्हड सुरू केले, ते कुंभारांना काम मिळावे या हेतूने. तथापि वजन, फूट व पुरवठा या अडचणींमुळे तो प्रयोग त्या वेळी सर्वत्र टिकला नाही.

सामाजिक बाजू : भारतात टाकाऊ पात्रांचा प्रसार सोयीपेक्षा सोवळ्याच्या व उष्ट्याच्या कल्पनांमुळे अधिक झाला. तोंडास लागलेले पात्र उष्टे होते व दुसऱ्याच्या उष्ट्याने विटाळ होतो, या समजुतीत एकदा वापरून टाकलेले पान सर्वांत निर्धोक ठरते. धातूचे पात्र घासून शुद्ध होते, मातीचे होत नाही, हा भेदही जुना आहे. या व्यवस्थेतील अवघड प्रश्न पंगत उठल्यानंतरचा होता. उष्ट्या पत्रावळी उचलणे हे हलके काम मानले गेले आणि त्यांवर उरलेले अन्न गावातील अस्पृश्य मानलेल्या जातींच्या वाट्यास गेले. राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने उष्टी काढल्याची कथा भक्तिपरंपरेत आदराने सांगितली जाते, ती या कामास चिकटलेल्या कमीपणाच्या पार्श्वभूमीवरच समजून घ्यावी लागते. मार्च १९२७ मध्ये महाड येथील परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी उष्टे व शिळे तुकडे घेण्याची चाल सोडून देण्याचे आवाहन केले, त्यामागे हाच अनुभव होता.

याची दुसरी बाजू म्हणजे सार्वजनिक ठिकाणच्या टिकाऊ पात्रांचा वापर नाकारला जाणे. चहाच्या दुकानात काही जातींसाठी वेगळे पेले ठेवण्याची प्रथा भारताच्या अनेक भागांत होती व तिच्या तक्रारी पुढेही येत राहिल्या. अस्पृश्यता (अपराध) अधिनियम, १९५५ याच्या चौथ्या कलमात सार्वजनिक उपाहारगृह, हॉटेल, धर्मशाळा इ. ठिकाणी सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून मज्जाव करणे हा दंडनीय अपराध ठरविण्यात आला. १९७६ मध्ये या अधिनियमास नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे नाव मिळाले. एकाच कपातून सर्वांनी चहा पिणे, तो कप धुऊन पुन्हा पुढच्यास देणे, या साध्या वाटणाऱ्या गोष्टीस म्हणूनच भारतात घटनात्मक समतेचा संदर्भ आहे. टाकाऊ पेल्याने वेगळ्या कपाची गरज उरत नाही. पण त्याने प्रश्न सुटतो, की केवळ झाकला जातो, हे सांगणे कठीण आहे.

धातूची पात्रे : तांब्यापितळेच्या भांड्यांत चिंच, ताक, लिंबू असे आंबट पदार्थ ठेवले असता ते कळकतात, म्हणजे आम्लाची तांब्यावर क्रिया होऊन अन्नास वाईट चव व अपायकारकता येते. हे टाळण्यासाठी भांड्यास आतून कल्हई करतात. भांडे तापवून त्यावर नवसागर टाकून पृष्ठभाग स्वच्छ केला जातो व मग कथिल फिरविले जाते. कथिल २३२° से. तापमानास वितळत असल्याने साध्या भट्टीवर हे काम होते. मात्र ते झिजत असल्याने वरचेवर करावे लागे. ॲल्युमिनियमची भांडी भारतात प्रथम मद्रास येथे १८९८ च्या सुमारास ॲल्फ्रेड चॅटरटन यांच्या प्रयत्नाने तयार होऊ लागली. ती हलकी व स्वस्त असली, तरी आंबट पदार्थ तीत ठेवू नयेत. १९१३ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी अगंज (स्टेनलेस) पोलाद तयार केले आणि त्याचा पहिला महत्त्वाचा उपयोग जेवणाच्या सुऱ्यांसाठी झाला. या पोलादात किमान १०·५ टक्के क्रोमियम असते. भांड्यांसाठी सामान्यतः १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेला प्रकार उत्तम समजतात. पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडाचा अतिशय पातळ थर बनतो व ओरखडा पडला तरी तो हवेतील ऑक्सिजनमुळे आपोआप भरून येतो. कल्हईची कटकट नाही, चिंचेचे भय नाही व फुटण्याची धास्ती नाही, यामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी घरांतून पितळेला स्टीलने हटविले. भांड्यावर नाव घालण्याची रीत मात्र कायम राहिली. ती केवळ हौसेची नव्हे. शेजारी वा कार्यघरी गेलेले भांडे परत येण्याची ती हमी असते.

कागद, प्लॅस्टिक व थर्मोकोल : कागदी पेल्याचा जन्म रोगभयातून झाला. अमेरिकेत रेल्वेगाड्यांत व शाळांत पाणी पिण्यासाठी सर्वांना मिळून एकच पेला टांगलेला असे. त्याद्वारे क्षय, घटसर्प यांसारखे रोग पसरतात, असे दिसून आल्यावर १९०९ मध्ये कॅन्सस राज्याने सामाईक पेल्यावर बंदी घातली. त्यापूर्वीच लॉरेन्स ल्यूलेन यांनी कागदी पेला तयार केला होता. ह्यू मूर यांच्यासह त्यांनी सुरू केलेला हा धंदा पुढे ‘डिक्सी’ या नावाने प्रसिद्धीस आला. प्रारंभी या पेल्यांवर मेणाचा लेप असे. हल्ली गरम पेयांच्या कागदी पेल्यांस आतून बहुधा पॉलिएथिलिनाचा पापुद्रा असतो. खरगपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात अशा पेल्यात ८५°–९०° से. तापमानाचे १०० मिलि. पाणी १५ मिनिटे ठेवले असता सु. २५,००० सूक्ष्म प्लॅस्टिककण त्यात उतरल्याचे आढळले. हा पापुद्रा कागदापासून सहज सुटत नसल्याने असा पेला रद्दीत घेतला जात नाही.

थर्मोकोल म्हणजे फुगविलेले पॉलिस्टायरीन होय. त्याच्या घनफळाचा सु. ९८ टक्के भाग हवाच असते; त्यामुळे ते हलके व उष्णतारोधक असते आणि त्याच कारणाने ते गोळा करून पुन्हा वापरणे परवडत नाही. वाऱ्याने उडते, पाण्यावर तरंगते, तुकडे होऊन नाल्यांत साठते.

नवीन पर्यायही तपासून घ्यावे लागतात. उसाच्या चोथ्यापासून लगदा करून साच्यात दाबलेल्या ताटल्या साखर-उत्पादक महाराष्ट्रास सोयीच्या आहेत व त्यांचे खतही होते. परंतु तेलकट पदार्थ झिरपू नयेत म्हणून लगद्यापासूनच्या पात्रांत काही उत्पादक फ्ल्युओरीनयुक्त रसायने मिसळीत. ती निसर्गात अतिशय दीर्घकाळ टिकतात. अन्नाच्या वेष्टनांसाठी अशा तेलरोधकांची विक्री अमेरिकेत थांबल्याचे तेथील अन्न व औषध प्रशासनाने २०२४ मध्ये जाहीर केले. पोफळीच्या झावळीच्या रुंद देठापासून दाबून केलेली पात्रे मजबूत व देखणी असतात. तथापि पोफळीतील अल्कलॉइडे अन्नात उतरण्याच्या शंकेवरून त्याच प्रशासनाने २०२५ मध्ये त्यांच्याविषयी इशारा दिला. मक्यासारख्या पिकांतील पिष्टापासून बनविलेले पॉलिलॅक्टिक अम्ल हे प्लॅस्टिक सु. ६०° से. तापमानास मऊ पडते; म्हणून साधा प्रकार कडक चहास निरुपयोगी ठरतो. त्याचे विघटनही औद्योगिक खतप्रकल्पातील तितक्याच उष्णतेत होते, परसातील खड्ड्यात सहजासहजी होत नाही.

निर्बंध : २६ जुलै २००५ रोजीच्या मुंबईतील महापुरात प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी तुंबलेल्या नाल्यांचा प्रश्न प्रकर्षाने पुढे आला व २००६ मध्ये महाराष्ट्रात अविघटनशील कचरा नियंत्रणाचा कायदा झाला. त्याच्या आधारे २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्यात प्लॅस्टिक व थर्मोकोल यांची एकदाच वापरावयाची ताटे, कप, पेले, वाट्या, काटे-चमचे इत्यादींवर बंदी आली. सिक्कीमने थर्मोकोलच्या पात्रांवर २०१६ मध्येच बंदी घातली होती. केंद्रशासनाने १२ ऑगस्ट २०२१ रोजी नियमांत दुरुस्ती करून १ जुलै २०२२ पासून अशा वस्तूंचे उत्पादन, विक्री व वापर देशभर निषिद्ध केला. चीनने २००६ मध्ये लाकडी टाकाऊ चॉपस्टिकांवर ५ टक्के उपभोगकर बसविला. तेथे चिंता प्लॅस्टिकची नसून जंगलांची होती. फ्रान्सने १ जानेवारी २०२३ पासून वीस किंवा अधिक आसनांच्या उपाहारगृहांत तेथेच जेवणाऱ्यांना धुऊन वापरावयाचीच पात्रे देणे बंधनकारक केले. भारतातील नियम पदार्थ बदलावयास लावतात, फ्रान्सचा नियम सवय बदलावयास लावतो, हा भेद लक्षात घेण्याजोगा आहे.

वापरांचा हिशेब : टिकाऊ पात्र बनविण्यास अधिक ऊर्जा लागते व ते धुण्यास प्रत्येक वेळी पुन्हा लागते. कॅनडातील रसायनशास्त्रज्ञ मार्टिन हॉकिंग यांनी १९९४ मध्ये केलेल्या गणनेनुसार चिनीमातीचा कप कागदी पेल्याच्या तुलनेत ३९ वापरांनंतर ऊर्जेच्या दृष्टीने किफायतशीर ठरतो. थर्मोकोलच्या पेल्याच्या तुलनेत मात्र त्यास १,००६ वापर लागतात. दुसरा आकडा एवढा मोठा येण्याचे कारण असे, की यंत्रात गरम पाण्याने कप एकदा धुण्यास लागणारी ऊर्जा थर्मोकोलचा पेला बनविण्याच्या ऊर्जेच्या जवळपास येते. या गणनेत कचऱ्याच्या उपद्रवाचा हिशेब नाही, हेही ध्यानात ठेवावयास हवे. घरातील कप रोज दोनदा वापरला, तर ३९ वापर वीस दिवसांत व १,००६ वापर दीड वर्षाच्या आत पूर्ण होतात. शिवाय बहुसंख्य भारतीय घरांत भांडी थंड पाण्याने, हाताने घासली जातात. त्यामुळे धुण्याच्या इंधनाचा खर्च जवळजवळ नसतोच. रोजच्या वापरासाठी टिकाऊ पात्रांस पर्याय नाही, असे यावरून निःशंकपणे म्हणता येते.

भारतात खर्च होतो तो पाण्याचा व हातांचा. नागरी पाणीपुरवठ्याच्या भारतीय मानकात दर माणशी रोज १३५ लि. पाणी धरले असून त्यांपैकी भांडी घासण्यासाठी १० लि. आहेत. टँकरने पाणी येणाऱ्या गावात पाचशे पानांच्या पंगतीची ताटे धुणे ही चैन ठरते व तेथे पत्रावळ हाच शहाणपणाचा मार्ग होय. दुसरी गोष्ट म्हणजे ही भांडी बहुधा घरच्या बायका किंवा अल्प मोबदल्यावर काम करणाऱ्या स्त्रियाच घासतात. टिकाऊ पात्रांचा आग्रह धरताना या श्रमांची मजुरी हिशेबात धरली नाही, तर बचत झाली ती त्यांच्या पाठीवर झाली, असे म्हणावे लागते.

समारंभासाठी निवड : एखाद्या कुटुंबाने मेजवानीसाठी म्हणून वेगळा संच विकत घेतला व तो वर्षातून चारदाच काढला, तर ३९ वापरांस सु. दहा वर्षे लागतील. तोच संच भाड्याने फिरता राहिला, तर लग्नसराईच्या एका हंगामातच तेवढे वापर होतील. यावरून टिकाऊपणा हा वस्तूइतकाच व्यवस्थेचा गुण आहे, असे दिसते. देवस्थानाची, ज्ञातीची किंवा गावकीची भांडी कार्यासाठी मोजून नेण्याची व मोजून परत करण्याची जुनी पद्धत या दृष्टीने अत्यंत किफायतशीर होती. मंडपवाल्यांकडील भाड्याची भांडी हा तिचाच आजचा अवतार होय. केरळमध्ये २०१५ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत टाकाऊ पात्रे टाळून धुऊन वापरावयाची पात्रे देण्याचा मोठ्या प्रमाणावर प्रयोग झाला व पुढे तेथील विवाहसमारंभांतही त्याचे अनुकरण झाले.

भाड्याच्या किंवा सामाईक भांड्यांच्या बाबतीत स्वच्छतेची शंका रास्त असते. खरकटे आधी खरवडून काढावे, साबणाने घासावे, वाहत्या पाण्याने खळबळावे आणि नंतर ७७° से. किंवा अधिक उष्ण पाण्यात किमान ३० सेकंद बुडवावे. एवढे केल्यास सामान्य रोगजंतूंचे भय उरत नाही. त्यानंतर भांडी फडक्याने पुसण्याऐवजी उपडी ठेवून निथळू द्यावीत. ओल्या फडक्यामुळे ती पुन्हा दूषित होण्याचा संभव असतो. धुण्याच्या पाण्यात खरकटे जितके कमी जाईल, तितके पाणी कमी लागते. म्हणून ताटात उष्टे न टाकण्याची पंगतीतील सूचना येथेही लागू पडते.

पाणी, माणसे किंवा जागा यांची टंचाई असल्यास पानांची पत्रावळ व द्रोण घ्यावेत. मात्र ते साध्या टाक्याचे, प्लॅस्टिकचा पापुद्रा नसलेले असल्याची खात्री करावी. पापुद्रा ओळखण्यासाठी पत्रावळीचा तुकडा रात्रभर पाण्यात भिजवून फाडून पाहावा. पारदर्शक पातळ कातडे सुटून आले, तर तिचे खत होणार नाही. भारतीय जेवण हाताने जेवता येत असल्याने चमच्यांची संख्या पुष्कळ कमी करता येते व खिरीसारख्या पदार्थासाठी लागतील तेवढेच धातूचे चमचे पुरतात. पाण्यासाठी स्टीलची फुलपात्रे वापरणे पत्रावळीबरोबरही शक्य असते, कारण ती खरकटी होत नसल्याने थोड्या पाण्यात धुऊन होतात. वापरलेल्या पत्रावळी इतर कचऱ्यात न मिसळता वेगळ्या पाटीत गोळा कराव्यात व शेतातील किंवा परसातील खड्ड्यात मातीआड कराव्यात. बांबूच्या चोया पानांपेक्षा सावकाश कुजतात; त्यामुळे गुरांपुढे पत्रावळी टाकावयाच्या असल्यास त्या आधी काढून घेणे इष्ट असते.